सुटलीस म्हणू नका

नवरा गेला त्या दिवशी "सुटलीस" हा शब्द गादीवालीला इतक्या जणांनी ऐकवला, की संध्याकाळी तिने दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि कडी लावली.

लोक "सुटला बिचारा" इथून सुरुवात करायचे. मग आवाज खाली आणून म्हणायचे, "आणि खरं सांगायचं तर तूही सुटलीस. आभार मान देवाचे." शेजारचा चष्मेवाला म्हणाला, डॉक्टर म्हणाले, नणंद तर गळ्यात पडून म्हणाली. कुणाच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण तो शब्द कानावर पडला की गादीवालीच्या डोक्यात सणक जायची. ज्याच्याबरोबर उभं आयुष्य काढलं तो माणूस म्हणजे काय खिळ्याला अडकलेली बाही होती, सुटली म्हणून हायसं वाटायला?

तिचं दुकान सोफे, खुर्च्या आणि गाद्या दुरुस्त करण्याचं. मुळात ते नवऱ्याचं. लग्न होऊन आली तेव्हा त्याने तिला सगळं शिकवलं. फाटकं रेक्झिन सोलून काढायचं, खालच्या पट्ट्या ताणून मारायच्या, काथ्या पिंजून भरायचा, आणि बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ओठांत धरून एकेक काढत ठोकत जायचं. तोंडात चुका असल्या की बोलता येत नाही. नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिच्या तोंडात चुका असतात तेवढा वेळच माझ्या चुका निघत नाहीत."

मग एका सकाळी त्याच्या हातातून हातोडी पडली आणि उजवं अंग गेलं. त्यानंतरची बरीच वर्षं तो दुकानामागच्या खोलीत पलंगावर होता. तिथून त्याला दुकान दिसायचं. ती काम करायची, तो पडल्या पडल्या बघायचा आणि अर्ध्या तोंडाने म्हणायचा, "डावा कोपरा ढिला आहे."

"तुमची नजर ढिली आहे," ती म्हणायची. जाऊन बघायची तर कोपरा ढिलाच असायचा.

दर दोन-तीन तासांनी हातातलं काम खाली ठेवून ती त्याला कुशीवर वळवायची. त्याच्यासाठी तिने स्वतः उशा शिवल्या होत्या, गुडघ्यांच्या मध्ये ठेवायची वेगळी, पाठीमागची वेगळी, टाचेखालची वेगळी. माणूस चांगला जाडजूड. वळवताना तो म्हणायचा, "जरा जपून, सोफा नाही मी." ती म्हणायची, "सोफा गप्प तरी बसतो." त्याच्या पाठीवर शेवटपर्यंत एक जखम झाली नाही.

ही तिची कैद, आणि यातून ती सुटली होती, असं सगळ्यांचं म्हणणं.

नंतरचं वर्ष वाईट गेलं. काम चालू होतं, पण दर दोन-तीन तासांनी तिचे हात आपोआप थांबायचे. ती उठून मागच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि तिथून परत यायची. बोलणं तर जवळजवळ बंदच. मुलगा रविवारी बायकोला घेऊन यायचा. "आई, आता जरा स्वतःसाठी जग," तो म्हणायचा. सून म्हणायची, "आता तुम्ही मोकळ्या आहात."

"डबा मोकळा असतो," गादीवाली म्हणायची. "आणि मोकळा डबा खडखडतो."

तिची धाकटी बहीण शाळेत गाणं शिकवायची. तिने एक दिवस येऊन सांगून टाकलं, की डोंगरातल्या पायी प्रवासासाठी तिने दोघींची नावं दिली आहेत. डझनभर माणसं, चार-पाच दिवस चालायचं, तंबूत राहायचं, आणि बरोबर एक सर असतात, ते निसर्गातून जगणं शिकवतात, कृतज्ञता शिकवतात.

"ते शिकायला डोंगरात कशाला जायचं? इथे गल्लीत सगळेच शिकवतात," गादीवाली म्हणाली.

"ताई, तू नाही आलीस तर मी एकटी जाईन. आणि माझा गुडघा तुला माहीत आहे."

गादीवाली गेली ती बहिणीच्या गुडघ्यासाठी.

सर साठीकडे झुकलेले, सडपातळ, आवाजाने मऊ. वर्षानुवर्षं ते त्याच वाटेने माणसं नेत होते, आणि वाटेवरच्या प्रत्येक वळणावर त्यांच्याकडे सांगायला काहीतरी होतं. गाडीरस्ता संपला तिथे एक नदी लागली. हिरवट, थंड, दगडांवरून फेसाळत जाणारी. सरांनी सगळ्यांना काठावर उभं केलं. "बघा," ते म्हणाले, "नदी काहीच धरून ठेवत नाही. येईल ते पुढे सोडून देते."

"मग हा गाळ कुणी ठेवलाय?" गादीवाली बहिणीच्या कानात म्हणाली. बहिणीने तिला कोपराने ढोसलं.

पुढे उंच झाडांचं रान लागलं, तिथे पानं गळत होती. सर म्हणाले, झाड किती सहज सोडून देतं, बघा. गादीवालीने बघितलं. पानं गळत होती एवढं खरं. सहज की कसं, ते झाडाने सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तंबूंच्या मधल्या जागेत सगळे गोल करून बसायचे आणि प्रत्येकाने आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ती एक गोष्ट सांगायची. कुणी गरम चहाचं नाव घेतलं, कुणी सकाळच्या उन्हाचं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्या बुटांबद्दल बराच वेळ बोलले. गादीवालीची पाळी आली.

"मला काही म्हणायचं नाही."

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. सर हसून म्हणाले, "एखादी लहानशी गोष्ट, मावशी. आजचं ऊनच घ्या."

"ऊन चांगलं होतं. पण ते काही माझ्यासाठी पडलं नव्हतं."

तंबूत गेल्यावर बहीण तिच्यावर उखडली. "इतकं ताठ राहून काय मिळवतेस गं? एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"ताठ नाही. खोटं बोलवत नाही मला."

सकाळी सर तिच्याशेजारी येऊन बसले. माणूस चांगला होता, तिला शिकवायला नाही, धीर द्यायला आला होता. "मावशी, गेलेलं धरून बसलं की हात नवं काही घ्यायला मोकळे राहत नाहीत."

"माझे हात मोकळेच आहेत, सर," गादीवाली म्हणाली. "तोच तर त्रास आहे."

तंबू, भांडी आणि शिधा दोन खेचरांवर लादून बरोबर चालायचा. खेचरं एका बाईची होती, चाळिशीच्या पुढची, दणकट, कमी बोलणारी. तिचा भाऊ तिच्या मदतीला असायचा. दोन खेचरांतली एक करडी मादी होती, वय झालेली. तिला सगळे म्हातारी म्हणत. तिसऱ्या दिवशी चढणीच्या मध्यावर म्हातारी थांबली, पुढचे पाय दुमडून खाली बसली आणि एका कुशीवर कलंडली. सामान उतरवलं तरी उठेना. खेचरवालीने चुचकारलं, ओढलं, ढकललं. म्हातारी नाकातून फुसफुसत पडून राहिली.

सरांनी आभाळाकडे बघितलं. वरच्या कुरणात दुपारपर्यंत पोहोचायला हवं होतं, तिकडे ढग भरत होते. त्यांनी पटापट ठरवलं. जेवढं सामान दुसऱ्या खेचरावर मावेल तेवढं घेऊन भाऊ सगळ्यांबरोबर पुढे जाईल. उरलेली दोन पोती नंतर बघू. खेचरवाली इथे थांबेल.

"वय झालंय तिचं," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरीच कणव होती. "सुटेल बिचारी."

गादीवालीने पाठीवरची पिशवी काढली आणि म्हातारीच्या शेजारी दगडावर ठेवली.

"मी इथेच थांबते."

"मावशी, तुम्हाला मागे ठेवून मला जाता येणार नाही."

"तुम्ही कुठे ठेवताय? मी राहतेय."

"माझी जबाबदारी आहे."

"असेल. पण पाय माझे आहेत."

बहिणीने हात जोडले, मग डोळे वटारले, मग रडकुंडीला आली. शेवटी खेचरवाली मध्ये पडली. वाट एकच आहे, चुकायला जागा नाही, उजेड असेपर्यंत मी यांना वर आणते, असं ती म्हणाली. सरांनी नाइलाजाने मान हलवली. माणसं वळणाआड गेली, बहिणीचा पुटपुटण्याचा आवाज थोडा वेळ ऐकू आला, मग फक्त वारा राहिला.

गादीवालीने आधी पाठीवरचं खोगीर बघितलं. सामानाखाली जनावराच्या पाठीवर टाकतात ती गवत भरलेली जाड गादी. तिने तळव्याने दाबून बघितलं आणि तिचा हात एका जागी थांबला. आतलं गवत भिजून गोळा झालं होतं, मुठीएवढं, कडक. खाली खांद्याजवळ केस उडून लाल मांस दिसत होतं.

खेचरवाली मटकन खाली बसली. "परवापर्यंत काही नव्हतं. नदी ओलांडताना भिजलं, सुकवायला वेळच मिळाला नाही. मी हात फिरवून बघितला होता रोज, आईशप्पथ."

"होतं असं," गादीवाली म्हणाली. "पाणी गरम करता येईल?"

त्यांनी जखम धुतली. मग गादीवालीने म्हातारीच्या पोटाखाली हात घालून बघितला. "किती वेळ एकाच कुशीवर पडलीय. खालच्या अंगाला मुंग्या आल्या असतील, उठू म्हटलं तरी पाय ऐकायचे नाहीत. वळवू या."

"लाथ मारेल."

"मारू दे. माझ्या नवऱ्यानेही मारलीय, धड होता त्या पायाने."

खेचरवालीला हसू फुटलं. मग दोघी कामाला लागल्या. एकीने मानेकडून धरलं, दुसरीने दोरी घालून पाय आवरले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा गादीवालीने गुडघा टेकला, श्वास भरून घेतला, आणि खांदा लावून, कमरेतून, हळूहळू भार उचलत नेला. सगळं अंग त्या हालचालीला सरावलेलं होतं. म्हातारी जड होती, गरम होती, घामाचा वास येत होता. ती दुसऱ्या कुशीवर पडली आणि तिने मोठा उसासा सोडला.

तो उसासा ऐकला आणि गादीवाली गुडघ्यांवरच खाली वाकली. ती तशीच, म्हाताऱ्या खेचराच्या मानेवर कपाळ टेकून रडली. वर्षभरात पहिल्यांदा. फार वेळ नाही, पण मोठ्याने.

खेचरवालीने तिला पाणी दिलं. मग विचारलं, "कोण होतं?"

"नवरा. खूप वर्षं अंथरुणावर होता."

एवढं बोलून गादीवाली थांबली. आता तो शब्द येणार, असं वाटून तिने दातावर दात धरले.

खेचरवाली म्हणाली, "मग आता सवय मोडणं जड जात असेल."

बस, एवढंच. गादीवालीने मान हलवली आणि डोळे पुसले.

मग त्यांनी खोगिराची शिवण उसवली. पोती शिवायची दाभण आणि सुतळी खेचरवालीकडे होतीच. उताराच्या उन्हाकडच्या बाजूला गवत वाळून सोनेरी झालं होतं. दोघींनी हाताने उपटून त्याचा ढीग केला. गादीवालीने ते पिंजून पातळ थर लावत भरलं, आणि जखम होती तिथे मुद्दाम खळगा सोडला. ती शिवत होती तेव्हा वरून एक मोठा पक्षी पंख न हलवता गोल फिरत गेला. गवताला उन्हाचा वास होता. तिला भूक लागली आहे हे तिच्या लक्षात आलं. गेले कित्येक महिने ती वेळ झाली म्हणून जेवत होती.

शिवण संपायच्या आत म्हातारी आपणहून उठली, अंग झाडलं, आणि काही घडलंच नाही अशा थाटात चरायला लागली.

तिच्यावर आज ओझं लादायचं नाही हे उघड होतं. नवं खोगीरही नुसतं हातात धरून न्यायचं. दोन पोती उरली होती. एक खेचरवालीने पाठीवर घेतलं. दुसरं गादीवालीने उचललं.

"झेपायचं नाही तुम्हाला."

"मला हलकंच झेपत नाही हल्ली," गादीवाली म्हणाली आणि चालायला लागली.

चढ सरळ होता. पोत्याची दोरी खांद्यात रुतत होती, मानेवर म्हातारीचा ओलसर श्वास लागत होता, पायांखाली सुकलेल्या पानांचा चुरा होत होता. आणि प्रत्येक पावलागणिक गादीवालीला आपलं अंग परत मिळत असल्यासारखं वाटत होतं. पाठ, मांड्या, तळपाय. इतके दिवस ती हवेत लटकत होती, या ओझ्याने तिला जमिनीवर आणून टेकवलं.

एका वळणावर दोघी दम घ्यायला थांबल्या. तिथे एक जुनं झाड एका मोठ्या दगडावर वाढलेलं होतं. दगड आधी, झाड नंतर. बुंध्याने दगडाला अर्धं पोटात घेतलं होतं. गादीवालीने कडेवरून बोट फिरवलं. साल दगडावर चामड्यासारखी ताणून बसली होती, आणि कोपऱ्यांवर बरोब्बर तशाच चुण्या होत्या, जशा ती खुर्चीच्या कोपऱ्यावर घालायची. एवढं घट्ट काम कुणाला वर्षात-दोन वर्षांत जमत नाही.

ती बराच वेळ तिथे उभी राहिली. तिच्या मनात आलं, उद्या कुणी हा दगड उपटून नेला तर झाडाच्या अंगात एवढा मोठा खड्डा पडेल. मग सगळ्यांनी येऊन झाडाला सांगायचं, बरं झालं बाबा, ओझं गेलं. आणि झाडाने आभार मानायचे.

तिला संताप आला, आणि त्या संतापाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ज्याची तिने वाट बघितली नव्हती. दगड होता म्हणून झाडाला हा आकार होता. तिने सालीवर तळवा दाबून धरला. बोलली काहीच नाही, पण आभार मानले ते नक्की, आणि कशाचे मानले तेही तिला पक्कं ठाऊक होतं.

उजेड असतानाच त्या कुरणात पोहोचल्या. बहीण पळत आली, गुडघा विसरून, आणि मिठी मारता मारताच ओरडायला लागली. सर मात्र रागावले होते, आणि तो राग काळजीचा होता.

"मावशी, पुन्हा असं करू नका."

"करीन," गादीवाली म्हणाली. "पण तुम्हाला घोर लागला त्याबद्दल माफ करा."

संध्याकाळी गोल बसला. लोक आज जपून बोलत होते. गादीवालीची पाळी आली तेव्हा सर तिला ओलांडून पुढे जाणार होते. तिने हात वर केला.

"मला बोलायचंय. माझा नवरा गेला तेव्हापासून सगळे मला सांगतात, तू सुटलीस, आभार मान. आज मी आभार मानते. पण तो गेला म्हणून नाही. तो होता म्हणून. त्याला वळवायला लागायचं म्हणून. तो जड होता म्हणून. इतकी वर्षं मला उचलायला एक माणूस होता, माझं माणूस, आणि ते मला ओझं वाटलं असेल असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. दमायची मी. चिडायचीही. पण सुटका मी मागितली नव्हती. ज्याने तो दिला त्याचे आभार. ज्याने नेला त्याचे मी मानणार नाही. मग तो एकच असला तरी."

सरांनी विचारलं, "म्हणजे राग धरूनच ठेवायचा?" ते शिकवत नव्हते, विचारत होते.

"धरला तर काय बिघडतं? राग आणि आभार एका घरात राहतात की, सर. आम्ही दोघं नव्हतो राहत?"

बँकेतले गृहस्थ एकदम हसले. मग सगळेच हसले, सरही. बहीण हसता हसता रडायला लागली, आणि गादीवालीने तिला जवळ ओढून घेतलं.

घरी परतल्यावर चमत्कार काही झाला नाही. हात अजूनही कधी कधी कामात थांबायचे. फरक एवढाच, की ती तोंड उघडायला लागली. चष्मेवाला म्हणाला, "चेहरा खुलला तुमचा. सुटल्यासारख्या दिसताय."

"चालून आलेय," गादीवाली म्हणाली. "आणि तो शब्द माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. तुमची बायको माहेरी गेली की मी म्हणते का तुम्हाला, सुटलात?"

चष्मेवाल्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "तेव्हा म्हटलं तर चालेल." मग तिचा चेहरा बघून खाली बघत म्हणाला, "नाही म्हणणार."

मुलालाही तिने बसवून सांगितलं. तोवर तो बापाच्या आठवणी तिच्यासमोर काढायचा नाही, तिला त्रास होईल म्हणून. त्या रविवारी त्याने पहिल्यांदा काढल्या, आणि दोघं संध्याकाळपर्यंत बोलत बसली. सुनेने मध्ये दोनदा चहा केला आणि नंतर तीही येऊन बसली.

पुढच्या वर्षी सरांनी आवर्जून फोन केला. गादीवालीने कळवलं की ती येणार आहे, पण खेचरवालीबरोबर, वेगळ्या वाटेने, आणि गोलात बसायची नाही. सर म्हणाले, "वाटेत भेटलो तर चहा तरी घ्याल?" ती म्हणाली, "चहाला कोण नाही म्हणतं."

खेचरवालीच्या मागोमाग दोघी बहिणी त्या वर्षी वरच्या खिंडीपर्यंत चढल्या. खिंडीत वारा असा होता की बोललेला शब्द तोंडातून उडून जात होता. दोन्ही बाजूंना दऱ्या, खाली ढगांची सावली सरकत होती. धाकटीने डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि ओरडून सांगितलं, "ताई, चल, परत फिरू."

"फिरू," गादीवाली म्हणाली. "जरा थांब."

तिने पाय रुंद करून जमिनीत रोवले, हनुवटी वर केली, आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.